'आपल्यात असंच असतं'

मामाच्या मुलीशी लग्न म्हटलं, तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कुणाला वावगं वाटत नाही. पण आत्याच्या मुलीचं नाव काढा. त्याच घरातली वडीलधारी माणसं 'छे, असं कुठं असतं का?' म्हणतील. उत्तरेतल्या बहुतेक हिंदू घरांत मामाची मुलगी ही बहीणच, तिच्याशी लग्नाची कल्पनाच सहन होणार नाही. दक्षिणेत मात्र अनेक समाजांत मामा-भाचीचं लग्नही रीतीला धरून आहे. नाती तीच, मग मनातली भावना इतकी वेगळी का?

कारण ती उपजत नसते. घरातल्या बोलण्यातून, कौतुकातून आणि टोमण्यांतून ती लहानपणीच अंगात मुरते. या घडणीचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. आपल्या इरावती कर्वे यांनी देशभरातल्या नात्यागोत्यांची अशीच पाहणी केली आणि १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रात उत्तर आणि दक्षिण या दोन्ही रीती एकमेकींत मिसळतात, हे त्यांनी दाखवलं.

भावनाच नव्हे, माणसाच्या कृतीवरही समाजाचा ठसा असतो. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येचा अभ्यास केला. इतकी एकट्याची वाटणारी ही कृती; पण तिचं प्रमाण समाजागणिक बदलतं आणि माणूस आपल्या माणसांशी किती बांधलेला आहे यावर ते बरंचसं अवलंबून असतं, असं त्यांनी मांडलं.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पुढे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. त्याआधीच, १९१६ साली, न्यूयॉर्कमध्ये शिकणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निबंधात जातीचं मर्म सांगितलं होतं: जातीतल्या जातीत लग्न, यावरच जात टिकते. म्हणजे 'स्थळ आपल्यातलंच हवं' हे घरगुती वाटणारं वाक्य एक अख्खी व्यवस्था उभी ठेवतं.

समाज आपल्याला घडवतो, हे खरं. पण समाज म्हणजे तरी आपणच. माणसांनी घातलेली रीत माणसं बदलू शकतात. तेव्हा यापुढे घरात कुणी 'आपल्यात असंच असतं' म्हणालं, तर जरूर विचारा: हे कधीपासून, कुणी ठरवलं, आणि याची झळ कुणाला बसते? समाजशास्त्र शिकायला इथूनच सुरुवात करा.