पक्षकाराने दिलेला प्रवासखर्च : जमा कोणाची?



पेढी व दुकान सांभाळणाऱ्या घरांतून आता वकील, अभियंते, वास्तुविशारद, सल्लागारही निपजू लागले आहेत. विवरणपत्र भरताना यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कामासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च पक्षकाराने दिला, तर ती रक्कम उत्पन्न मानावी काय?

समजा, सांगलीच्या अभियंत्याने मुंबईच्या कंपनीचे काम केले. मानधन १,००,००० रुपये, प्रवास व निवास १८,००० रुपये. बिल एकच, १,१८,००० रुपयांचे. कंपनीने संपूर्ण रकमेवर १० टक्के, म्हणजे ११,८०० रुपये उद्गम करकपात केली. कंपनीचे यात काही चुकले नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ मध्ये हेच सांगितले आहे. अभियंता मात्र विवरणपत्रात एकच लाख दाखवतो. अठरा हजार आपले नव्हतेच, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु २६ एएस मध्ये १,१८,००० दिसतात आणि यथावकाश विचारणेचे पत्र येते.

पूर्ण रक्कम जमेस धरावी व प्रवासखर्च पावत्यांसह नावे टाकावा, हा सरळ मार्ग. उत्पन्न एक लाखच राहते. काही जण रक्कम जमेस धरत नाहीत आणि तिकिटे मात्र नावे टाकतात. त्याला समजुतीचा घोटाळा म्हणता येणार नाही.

खरी मेख १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए मध्ये आहे. हिशेबवह्यांच्या कटकटीतून सुटण्यासाठी अनेक व्यावसायिकांनी हा मार्ग पत्करला. एकूण जमेच्या किमान निम्मे उत्पन्न मानायचे, खर्च वेगळा मागायचा नाही. प्रवासखर्च ठोक बिलात मिसळला, तर उत्पन्न ५०,००० ऐवजी ५९,००० रुपये होते. न कमावलेल्या ९,००० रुपयांवर कर!

१ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आले. त्या वर्षीच्या परिपत्रक क्रमांक १२ नुसार, सल्लागाराच्या नावाचे प्रवासाचे बिल पक्षकाराने भरून दिले, तर तो सल्लागाराला मिळालेला लाभ ठरतो. मानधनाच्या बिलातच ती रक्कम धरून त्यावर करकपात झाली असेल, तर पुन्हा कपात नको, असा खुलासा सप्टेंबरमध्ये परिपत्रक क्रमांक १८ ने केला. २०२५ च्या नव्या कायद्याने (अंमल १ एप्रिल २०२६ पासून) कलमांचे क्रमांक बदलले, तरी बिल कोणाच्या नावाचे, हा प्रश्न सुटलेला नाही. एसटीच्या तिकिटावर तर कोणाचेच नाव नसते!

म्हणून काम स्वीकारतानाच कंपनीशी बोलून घ्यावे. विमान व हॉटेल यांची नोंदणी कंपनीनेच करावी, बिल तिच्याच नावे घ्यावे, पैसेही तिनेच परस्पर भरावेत. मग ती रक्कम अभियंत्याच्या जमेत येत नाही आणि नावेही पडत नाही.