पत गेलेल्या माणसाचा प्रवास

(१५ ऑगस्ट रोजी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या ‘आपल्यातलेच अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून दिले आहे.)



कमिटीने मला सांगितलं, “काका, तुम्ही जर्मनीला जाऊन आलात, त्याच्यावर बोला.” मी हो म्हणालो. मग घरी जाऊन विचार केला, की जर्मनीतल्या इमारती आणि नद्या आजकाल मोबाइलवर सगळ्यांनाच दिसतात. त्या सांगायला मी कशाला पाहिजे? आणि दुसरं म्हणजे, मी गेलो तेव्हा आपल्या भवानी पेठेत काही जण काय म्हणत होते, तेही माझ्या कानावर आलं होतं. “दिवाळं निघालेला माणूस, आणि निघाला परदेशात!” राग आला नाही. प्रश्न बरोबरच होता. आज त्याचंच उत्तर देतो.

माझा टॉवेलचा कारखाना होता हे जुन्या सभासदांना माहीत आहे. १९९१ साली आठ यंत्रमागांवर सुरुवात केली. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. २००८ साली मोठं कर्ज काढून माग वाढवले. पुढे सुताचे भाव चढले, उधारीवर गेलेला माल अडकला, आणि हिशेब माझाही चुकला. दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. २०१३ ला माग बंद झाले. ज्याच्या कानात वीस-बावीस वर्षं खटखट बसलेली असते ना, त्याला ती शांतता झोपू देत नाही.

मी जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज केला. आपल्याकडे त्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला, पण त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. आमच्यासारख्या एकट्या धंदेवाल्याला जुनाच कायदा. त्या कायद्यात एक कलम आहे, ७२ वं. नादार ठरलेल्या माणसाने, कोर्टाकडून मुक्त होईपर्यंत, पन्नास रुपये किंवा जास्त उधारी घ्यायची असेल तर समोरच्याला आधी सांगायचं, की बाबा रे, मी नादार आहे. न सांगता घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपये! १९२० साली ती मोठी रक्कम असेल. आज चौघांनी चहा-भजी खाल्ली आणि “उद्या देतो” म्हटलं, तरी मी गुन्हेगार. चार वर्षं मी कुठेही “लिहून ठेवा” म्हटलं नाही. त्यात क्रेडिट कार्ड कुठून असणार? क्रेडिट कार्ड म्हणजे शेवटी उधारीच.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने मला मुक्त केलं. पण इथे एक गोष्ट सगळ्यांनी, विशेषतः तरुणांनी, लक्षात ठेवा. कर्जदार मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. तसं त्याच कायद्यात लिहिलं आहे. माझ्या कर्जाला माझे साडू जामीन होते. बँकेने त्यांच्याकडून चार लाख ऐंशी हजार वसूल केले. मी कागदावर मोकळा झालो आणि ते भरडले गेले. आमच्या सौ. आणि तिची सख्खी बहीण, दोघींचं चार वर्षं बोलणं बंद होतं. त्या दिवसांत मी मनाशी ठरवलं होतं, की यापुढे माझ्यासाठी कोणाची सही घ्यायची नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून मी साडूभाऊंना महिन्याला पाच हजार देतो. ते घेत नव्हते. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून यायचो. लॉकडाउनमध्ये चार महिने चुकले. आजपर्यंत ७८ हप्ते झाले, १८ राहिलेत.

आता प्रवासाकडे येतो. मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे, जावईही तिथेच. २०२३ साली तिचं पहिलं बाळंतपण. माहेरी येणं जमत नव्हतं, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. आपला फ्लॅट आणि पेन्शन सौ.चं, ती शिक्षिका होती म्हणून. माझा पगार दुसऱ्याच्या कारखान्यात माल तपासण्याचा. दोन वर्षं दोघांनी बाजूला टाकले होते, त्यातून तिकिटं निघाली. डेबिट कार्डावर काढली. त्यात काही अडचण नाही.

अडचण आली व्हिसाच्या फॉर्मवर. तिथे विचारतात, खर्च कशातून करणार? समोर चौकोन असतात: रोख, ट्रॅव्हलर्स चेक, क्रेडिट कार्ड वगैरे. मी रोखीच्या चौकोनात खूण केली आणि क्रेडिट कार्डाचा रिकामा सोडला. तेवढा रिकामा चौकोन बघून मला घाम फुटला.

मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, मी हमीपत्र देते.” जर्मनीत राहणारा माणूस तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जातो, पगाराचे कागद दाखवतो आणि लिहून देतो, की या पाहुण्याचा राहण्याचा, खाण्याचा, आजारपणाचा सगळा खर्च माझ्यावर. त्या कागदाचं नाव फेअरफ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग. मला ते नाव पाठ करायला आठवडा लागला. अर्थ मात्र ताबडतोब कळला. जामीन! मी म्हणालो, “नको. मी परत कोणाला जामीन ठेवणार नाही. आईला एकटीला पाठवतो.”

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी साडूभाऊंकडे गेलो. म्हटलं, तुमचे पैसे देणं बाकी असताना मी परदेशात जातोय हे तुम्हाला बाहेरून कळू नये, म्हणून सांगायला आलो. आणि जायचं की नाही तेच ठरत नाहीये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझ्याकडून सही घेताना तुम्ही मला सगळा हिशेब दाखवला नव्हता. पोरीला सगळा दाखवा. मग ती सही करो नाहीतर न करो.”

ते बरोबर होतं. सही घेण्यात पाप नव्हतं, हिशेब झाकण्यात होतं. त्या रात्री मी मुलीला फोनवर सगळं वाचून दाखवलं: माझा पगार, आईचं पेन्शन, शिल्लक, साडूभाऊंचे राहिलेले हप्ते. तिला हप्त्यांचं माहीतच नव्हतं. तिने सही केली.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो, कारण अशा अवस्थेतली माणसं प्रत्येक पेठेत असतात, फक्त बोलत नाहीत.

पहिली. बँकेतून युरो भरलेलं प्रीपेड फॉरेक्स कार्ड मिळतं. त्याला आपली पत लागत नाही, कारण पैसे आपण आधीच भरलेले असतात. पूर्वी काशीला जाणारे लोक पेढीवर पैसे भरून हुंडी घ्यायचे आणि तिकडच्या पेढीवर वटवायचे, तोच प्रकार. सोबत थोडी रोकडही ठेवा. जर्मनीत रोख पैसे पुष्कळ ठिकाणी आजही आनंदाने घेतात.

दुसरी. डेबिट कार्ड परदेशात वापरायचं तर निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून ती सोय चालू करा. आणि हॉटेलवाल्याने त्यावर अनामत अडकवली, तर आपले खरे पैसे अडकतात. ते सुटायला दिवस लागतात. तेवढी जास्तीची शिल्लक ठेवा.

तिसरी. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. तो डेबिट कार्डावर मिळतो.

चौथी. सिबिलला घाबरून तोंड लपवू नका. ती कंपनी २००० सालची, म्हणजे आपल्या सोसायटीच्याच वयाची. आकडा तीनशे ते नऊशेमध्ये असतो. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवा आणि चुका असतील तर दुरुस्तीला टाका. मुदत ठेवीवर तेवढ्यापुरतं क्रेडिट कार्डही बँका देतात. मी घेतलं नाही. ज्यांना पत परत उभी करायची आहे त्यांनी घ्यावं आणि तारीख चुकवू नये.

एवढी तयारी करून आम्ही जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठली. बॅगेत अर्ध्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि बाळाची झबली. विमान उशिरा सुटलं. फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा रात्र झाली होती आणि पुढची गाडी चुकली होती. मुलीचे दिवस भरलेले. जावयाला म्हटलं, तिला सोडून येऊ नका, आम्ही इथेच हॉटेलात रात्र काढतो.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “क्रेडिट कार्ड?” अनामतीसाठी पाहिजे होतं. मी प्रीपेड कार्ड पुढे केलं. भाडं यातून घेईन म्हणाली, अनामतीला चालणार नाही. मागे रांग. शेजारी सौ., पाय सुजलेले. आणि माझ्या तोंडून निघालं, “घरी विसरलो.”

बघा, दहा वर्षं झाली होती. कोर्टात सगळं उघड सांगितलं होतं. आणि जिला आयुष्यात परत भेटणार नाही, अशा पोरीपुढे मी खोटं बोललो. ती म्हणाली, मग घरी फोन करून नंबर मागवा. झालं! आता कोणाला फोन करणार? एक खोटं सांभाळायला दुसरं लागणार होतं. हेच मी २०११ ला, २०१२ ला बँकेत करत होतो. “पेमेंट निघालंय, सोमवारी येतंय.”

सौ.ने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. मी बॅग खाली ठेवली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, “विसरलो नाही. माझ्याकडे क्रेडिट कार्डच नाही. माझा कारखाना बुडाला. रोख आहे. अनामत रोख घ्या आणि पावती द्या.” ती पोरगी म्हणाली, “चालेल. शंभर युरो.” बस, एवढंच! तिने दोनदा मोजले, पावती दिली, सकाळी नोटा परत केल्या. तिच्या दृष्टीने ती अनामतीची पद्धत होती. ओझं सगळं माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी नात झाली.

तिला मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा मुलीने एक गंमत सांगितली. जर्मनमध्ये ‘शुल्ड’ म्हणजे अपराध आणि ‘शुल्डन’ म्हणजे कर्ज, दोन्ही एकाच मुळातले. मी म्हटलं, म्हणजे यांनी कर्जदाराला आधीच आरोपी करून टाकलं. मग विचार केला, आपल्याकडे काय? आपल्याकडे ऋण म्हणजे कर्ज, आणि कोणाचे उपकार आठवायचे तर आपण म्हणतो, मी आपला ऋणी आहे. आपली भाषा देणेकऱ्यावर जास्त दया करते. पण अट एक आहे. ऋणी म्हणायचं तर देणं आठवत राहिलं पाहिजे.

म्हणून शेवटी एक देणं आठवतो. २०१३–१४ मध्ये आमच्या फ्लॅटचा मेंटेनन्स अकरा महिने थकला होता. सौ.चा पगार मुलीच्या कॉलेजला आणि घराला जात होता. फलकावर थकबाकीदारांची नावं लागायची. आमचं नाव लागलं नाही. तेव्हाचे सचिव एका संध्याकाळी वर आले, चहा घेतला आणि म्हणाले, “दर महिन्याला जमेल तेवढं द्या. पण किती जमेल ते आधी सांगा, म्हणजे मला कमिटीला सांगता येतं.” सूट दिली नाही. नियमाप्रमाणे व्याज लावलं, ते मी भरलंही. पण मुलीला जिन्यातून मान वर करून जाता आलं.

तर दिवाळं निघालेला माणूस परदेशात कसा गेला, याचं उत्तर असं आहे. गेला तो स्वतःच्या साठवलेल्या पैशावर, मुलीच्या सहीवर आणि साडूला सांगून. आल्यावर त्या महिन्याचं पाकीट द्यायला गेलो. साडूभाऊंनी पहिल्यांदा ते माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, “नातीचा फोटो दाखवा.” आत दोघी बहिणी बोलत बसल्या होत्या.

अजून १८ हप्ते आहेत. ते झाले की त्यांनाही घेऊन एकदा श्टुटगार्टला जायचा विचार आहे. क्रेडिट कार्ड तेव्हाही नसेल बहुतेक. अनामतीचे शंभर युरो वेगळे ठेवीन.