वांझ म्हणण्याआधी



मूल नाही म्हटले की बोल सुनेलाच लागतो. पण दोष नवऱ्यातही असू शकतो. म्हणून तपासणी दोघांची व्हावी. यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांचा विभाग आहे. पहिली पायरी तिथे चढावी.

गर्भनळी बंद आहे का, हे औषध सोडून काढलेल्या एक्स-रेवरून कळते. क्षयानेही नळी बंद होते. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. तेही न जमल्यास स्त्रीबीज शरीराबाहेर फळवून गर्भाशयात ठेवतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशी मुलगी जन्मली.

अंगारे-धुपाऱ्यांत वर्षे दवडू नका. पस्तिशीनंतर आशा उणावते. आणि हळदीकुंकवाला तिलाही मानाने बोलवा.