भविष्यातल्या यानात कोणाला जागा?



सिनेमातला मुसलमान एकतर दहशतवादी असतो, नाहीतर नायकासाठी जीव देणारा जिवलग दोस्त, ही आपली तक्रार जुनी आहे. आज मी तीच तक्रार भविष्यकाळात नेणार आहे. विज्ञान-थरारपटाला इतिहासाची सबब सांगता येत नाही. "तेव्हा असेच होते" म्हणून सुटका नाही, कारण ते जग कोऱ्या कागदावर उभे केलेले असते. त्यात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, ही निवड असते. म्हणून मी पडद्यावरचे चेहरे मोजत नाही. निर्णय कोण घेतो, आधी कोण मरतो आणि शेवटी कोण उरतो, एवढेच पाहतो.

रिडली स्कॉट यांचा १९७९ चा 'एलियन' घ्या. यानावरचे कोणतेही पात्र स्त्री किंवा पुरुष साकारू शकेल, अशी सूचना मूळ पटकथेतच होती. त्या मोकळीकीतून सिगूर्नी वीव्हर यांची रिप्ली उभी राहिली. ती कोणाची बायको किंवा प्रेयसी म्हणून यानात नाही, कामावर आहे. नियमावर बोट ठेवते आणि शेवटी तीच वाचते. त्याच यानात इंजिन सांभाळणारा कृष्णवर्णीय पार्कर आणि त्याचा गोरा सोबती ब्रेट आपल्याला वाटा कमी का, म्हणून कुरकुरतात. माणूस ताऱ्यांपर्यंत पोचला, पण मजुरीचा प्रश्न काही सुटला नाही!

आता २००० सालचा 'पिच ब्लॅक'. एक यान उजाड ग्रहावर कोसळते. अंधार पडला की शिकारी प्राणी बाहेर येतात. प्रवाशांत एक इमाम आहे, तीन मुलांना घेऊन 'न्यू मक्के'ला निघालेला. ही भूमिका किथ डेव्हिड या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली आहे. हा इमाम बॉम्ब फेकत नाही, आपल्या निष्ठेचे पुरावेही देत बसत नाही. तो मुलांना सांभाळतो, त्यांना एकेक करून गमावतो आणि शेवटी वाचलेल्या तिघांत असतो. २००४ च्या पुढच्या भागात मात्र तो मारला जातो. आणखी एक गोष्ट पाहा. पहिल्या भागात त्याच्यासोबत एकही मुस्लिम स्त्री नाही. दुसऱ्या भागात बायको आणि मुलगी दिसतात, त्याही घरापुरत्या. इतक्या दूरच्या काळातही आपल्या बाईला उंबरठा ओलांडता आलेला नाही.

'ड्यून'ची गोष्ट वेगळी. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीतल्या वाळवंटी फ्रेमेन लोकांच्या बोलीत अरबी शब्द जागोजागी आहेत. २०२१ च्या चित्रपटाचे बरेच वाळवंट जॉर्डनच्या वादी रममध्ये चित्रित झाले. फ्रेमेनांच्या प्रमुख भूमिका मात्र झेंडाया आणि हाविएर बार्देम यांच्याकडे गेल्या. कादंबरीतला 'जिहाद' जाऊन त्याजागी 'पवित्र युद्ध' आले. कादंबरीतला पुरुष शास्त्रज्ञ लिएट काइन्स चित्रपटात कृष्णवर्णीय स्त्री झाला, हे चांगलेच झाले. म्हणजे बदल करता येतात. मग शब्द अरबांचे, वाळू अरबांची, आणि मुख्य माणसे तेवढी दुसरी, असे का?

याचे उत्तर पडद्यामागे, लिहिण्याच्या टेबलावर सापडते. 'द मार्व्हल्स' (२०२३) हा थरारपट नव्हे, सुपरहिरोपट. त्यातली कमला खान ही न्यू जर्सीतली पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी आधी कॉमिक्समध्ये आली. तिला घडवणाऱ्यांत संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोन मुस्लिम स्त्रिया होत्या. म्हणून कमला आईशी भांडते, मशिदीत जाते आणि जगही वाचवते. तिला कोणाचा नमुना व्हावे लागत नाही.

आपली मागणी 'चांगला मुसलमान दाखवा' एवढीच असू नये. भित्रा, विनोदी, लबाड, नमाज न पढणारा, प्रयोगशाळेत रात्र काढणारा, असा कुठलाही माणूस असण्याचा हक्क आपल्याला हवा. पण हा हक्क हॉलिवूडकडे मागताना घरातही तो द्यावा लागेल. आपल्यातली एखादी मुलगी "मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे" किंवा "मला सिनेमा लिहायचा आहे" म्हणाली, तर तिला टेबल-खुर्ची आणि वेळ कोण देणार? याचे उत्तर मला तुमच्याकडून हवे आहे.