मृत कलमे आणि मतदारांचा कौल

अमेरिकेच्या संघराज्यातील प्रत्येक राज्यास स्वतःची राज्यघटना असते. अलाबामा राज्यात तर तिच्यातील एखादे कलम गाळावयाचे झाले तरी तो प्रश्न अखेर मतदारांपुढे न्यावा लागतो. आपल्याकडे १९६७ साली गोव्यात जनमत कौल झाला; परंतु घटनेतील कलमाबाबत असा कौल घेण्याची तरतूद भारतीय राज्यघटनेत नाही.

अलाबामाची १९०१ ची घटना गौरवर्णीयांचे वर्चस्व टिकविण्याच्या उघड हेतूने रचली गेली. मतदानासाठी कर, शाळा वेगवेगळ्या, आंतरवंशीय विवाहास मनाई, असे सारे तीत होते. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील विभक्तता आणि १९६७ साली विवाहबंदी घटनाबाह्य ठरविली. कलमे निष्प्राण झाली, शब्द मात्र छापील ग्रंथात तसेच राहिले. विवाहबंदीचे कलम २००० साली मतदारांनी काढून टाकले, तेव्हाही दर दहांपैकी सुमारे चार मते विरोधात पडली.

खरा पेच पुढे आला. १९५४ च्या निर्णयानंतर, १९५६ मध्ये, सरकारी खर्चाने शिक्षण मिळण्याचा हक्क या घटनेने निर्माण होत नाही, असे एक वाक्य मुद्दाम घालण्यात आले होते. २००४ च्या प्रस्तावात विभक्ततेच्या शब्दांबरोबर तेही गाळावयाचे होते. ते गेले तर न्यायालये शाळांसाठी करवाढ लादतील, अशी भीती विरोधकांनी घातली. आणि सुमारे १४ लाख मतांतून प्रस्ताव अवघ्या १,८५० मतांनी पडला. २०१२ मध्ये ते वाक्य कायम ठेवून नवा प्रस्ताव आला. या वेळी कृष्णवर्णीय नेते आणि शिक्षक संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. वंशभेदाची भाषा पुसण्याच्या निमित्ताने शिक्षणाचा हक्क नाकारणाऱ्या वाक्यास नव्याने लोकमान्यता मिळू नये, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

अखेरीस २०२० मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी घटनेची फेरमांडणी करण्यास अनुमती दिली, आणि ८ नोव्हेंबर २०२२ रोजी नव्या मांडणीस सुमारे तीन चतुर्थांश मते पडली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या चाकरीस मुभा देणारे शब्दही तीत वगळले गेले. या बदलाचा आधार घेऊन अलाबामातील काही बंदिवानांनी २०२४ साली तुरुंगातील सक्तीच्या कामाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला.