मुलांच्या हाती शाळा, मोठ्यांच्या माथी जबाबदारी

काय, केव्हा आणि कसे शिकावे याचा निर्णय शक्य तितका मुलांकडे सोपवणारी आणि सहजीवनाचे नियम मुलांसह ठरवणारी संस्था, असा बालनेतृत्वाच्या शाळेचा अर्थ या परिषदेने स्वीकारला आहे. अशा शाळेत मोठ्यांनी फक्त बाजूला व्हायचे असते, असा समज विरोधकांप्रमाणेच अनेक समर्थकही बाळगतात. वास्तविक तेथे मोठ्यांचे काम वाढते आणि अवघडही होते.

ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये स्थापलेली आणि १९२७ पासून इंग्लंडमधील सफोक परगण्यात लीस्टन येथे असलेली समरहिल ही निवासी शाळा ऐच्छिक तासांसाठी प्रसिद्ध आहे, तथापि तिचा कणा म्हणजे तिची सभा. सहा वर्षांच्या मुलाच्या आणि मुख्याध्यापकाच्या मताचे मोल तेथे सारखेच. कोणाची सायकल न विचारता नेणाऱ्याला दंड करावा की समज द्यावी, येथपासून झोपण्याच्या वेळांपर्यंतचे प्रश्न त्या सभेत सुटतात आणि खुद्द नील यांचे प्रस्तावही तेथे फेटाळले गेले आहेत. शिक्षकांच्या नेमणुका मात्र नील यांनी स्वतःकडे ठेवल्या होत्या. सभेचे अधिकार कोठे संपतात हे मुलांना आधीच ठाऊक असल्यामुळे त्या सीमेच्या आत त्यांचा शब्द खरोखर चालत असे. १९९९ च्या सरकारी तपासणीनंतर शाळेवर नोटीस बजावली गेली, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले आणि मार्च २००० मध्ये तडजोडीचा मसुदा पुढे आला, तेव्हा मुलांनी लंडनच्या न्यायालयातच सभा भरवून त्यावर निर्णय घेतला. नील यांचे निधन १९७३ मध्येच झाले होते. संस्थापकाच्या मागे टिकते ते रुजलेल्या नियमाने दिलेले स्वातंत्र्य, केवळ त्याच्या मायेने दिलेले नव्हे.

समरहिल फी घेऊन चालते, त्यामुळे तेथील स्वातंत्र्य गरिबाच्या मुलापर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर शोधताना डहाणू तालुक्याकडे पाहावे लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे कार्य आदिवासी मुलांच्या दिनक्रमातून घडले. धाकटी भावंडे सांभाळणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरील अंगणात गेली; गुरे वळणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली; महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, खडे आणि माती यांनी घेतली. तेथे मतदान नव्हते, परंतु शाळेची जागा, वेळ आणि साहित्य मुलांच्या जगण्यानेच ठरवले, आणि बालनेतृत्वाचा हा अर्थ आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे.

आजची मोठी अडचण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकवण्याचा आग्रह धरते, तर कलम २४ शिक्षकावर ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करण्याचे बंधन घालते. प्रत्यक्ष कामकाजात मुदतीची तपासणी सोपी आणि शोधाची कठीण असल्यामुळे शिक्षकाला पहिल्या कलमापेक्षा दुसऱ्याचीच धास्ती अधिक वाटते. दहावीच्या निकालाची पालकांना वाटणारी चिंता हा त्याच धास्तीचा घरगुती भाग असून तिची हेटाळणी करणाऱ्या शाळा पालकांचा विश्वास गमावतात.

यास्तव परिषदेने शासनाकडे, किमान प्राथमिक वर्गांपुरती अभ्यासक्रमाची मुदत लवचिक करण्याची आणि तपासणीत मुलांनी केलेल्या कामाच्या नोंदी ग्राह्य धरण्याची मागणी करावी. आणि येथे आलेल्या प्रत्येक शाळेने, मुलांच्या सभेला कोणते निर्णय घेता येतात आणि कोणते येत नाहीत, हे येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात लिहून काढून मुलांना वाचून दाखवावे.