पूर्वपक्षाचा मान



परभणी जिल्ह्यातील आमचे पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवालयामुळे ओळखले जाते. प्रल्हादाची कथा तेथे लहान मुलांसही ठाऊक असते. ‘तुझा देव या खांबात आहे काय?’ हा हिरण्यकशिपूचा प्रश्न म्हणजे अश्रद्धाने श्रद्धावंतास केलेला रोकडा सवालच होय. प्रल्हाद त्यावर चिडला नाही; त्याने सरळ उत्तर दिले. असा सवाल प्रत्येक धर्माच्या अनुयायांपुढे केव्हा ना केव्हा येतोच. आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती बांधवांपुढे तो कसा आला, व त्यास विचारपूर्वक तोंड कसे द्यावे, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या शास्त्रकारांची एक उत्तम रीत आहे. स्वमत मांडण्यापूर्वी ते प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी सांगतात. यास पूर्वपक्ष म्हणतात. १८५७ साली जानेवारीपासून मेअखेरपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा वृत्तांत त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला. बोवेन हे स्वतः तारुण्यात अश्रद्ध होते. शंका म्हणजे काय हे त्यांस अनुभवाने ठाऊक होते. प्रतिपक्षाचे प्रश्न छापून ठेवावे, हे त्यांचे करणे स्तुत्यच म्हटले पाहिजे. तथापि अशा सभांत दोन्ही पक्ष आपलाच जय झाला असे मानून घरी जातात. तेथे टाळ्या पडतात. मने क्वचितच पालटतात.

याहून खोल प्रश्न घरातूनच उठला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु आपली बुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त जसा सांगण्यात आला तसा त्यांच्या मनास पटेना, व आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांस त्यांनी पत्रांतून तसे निर्भीडपणे कळविले. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, आपली संस्कृत भाषा काय कमी पवित्र आहे, असेही त्यांनी विचारले. वडील मंडळींस हा अहंकार वाटला. पण याच बाईंनी पुढे वर्षानुवर्षे खपून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबल उतरविले. शंका विचारणारा मनुष्य दारातून बाहेरच जातो असे नाही; कित्येकदा तो अधिक आतल्या खोलीत येतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. ‘ख्रिस्ती झाला तो परका झाला’ हा आक्षेप तेव्हा सर्वतोमुखी होता. टिळकांनी त्यावर नुसते खंडन लिहिले नाही. आक्षेपात तथ्य आहे हे ओळखून त्यांनी भजन, कीर्तन व अभंग यांस उपासनेत स्थान दिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. टीका खरी असेल तर तिचे उत्तर आचरणात द्यावे लागते, हा धडा त्यांनी घालून दिला.

आता व्यवहाराचे बोलू. आक्षेप सर्व एका जातीचे नसतात. काही ग्रंथाविषयी असतात. मत्तय व लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी जुळत नाहीत, असे कोणी दाखविल्यास ‘तसे म्हणू नये’ हे उत्तर नव्हे. दोन्ही उतारे समोर ठेवून वाचावे, विद्वानांची मते पाहावी, आणि गाठ सुटली नाही तर तसे स्पष्ट म्हणावे. काही आक्षेप इतिहासाचे असतात. गोव्यात १५६० पासून, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत इन्क्विझिशन चालले. त्याचे समर्थन करू जाणारा आपल्याच प्रभूस लाज आणतो. चर्चमध्येही जातिभेद शिरला, हा आरोपही तसाच कबूल करण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. ‘देव दयाळू आहे, तर माझे लेकरू का गेले?’ हा वादाचा प्रश्न नव्हे. हा हंबरडा आहे. बायबलातील ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखात देवाची वकिली करावयास बसले. अखेर देवाने दोष दिला तो त्या वकिलांस, तक्रार करणाऱ्या ईयोबास नव्हे. अशा वेळी मुकाट्याने जवळ बसणे हेच उत्तर. थोमाने जखमा पाहिल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही म्हटले, तर येशूने त्यास हाकलले नाही, जखमा दाखविल्या.

आपल्या श्रद्धेचे कारण विचारणाऱ्यास सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असा पेत्राचा उपदेश आहे. तो केवळ जाहीर सभांसाठी नाही. कॉलेजातून आलेला मुलगा जेवताना एखादा प्रश्न विचारतो. वडील डोळे वटारतात. मुलगा गप्प होतो, दर रविवारी चर्चलाही जातो, आणि वडील समजतात की घरातील श्रद्धा सुरक्षित आहे. वस्तुतः ती त्याच दिवशी निघून गेलेली असते. तेव्हा त्यास एवढेच म्हणावे, ‘बाळ, प्रश्न चांगला आहे. पान वाढून घे, आणि पुन्हा एकदा नीट सांग.’